निर्जन धबधबा आणि तेथील गर्दी

मराठी वाङ्मयात ज्या काही जागा कायमच्या निर्जन आहेत, त्यांत पहिला नंबर धबधब्याचा लागतो. दुसरा स्मशानाचा. पण स्मशानात निदान चार खांदेकरी तरी बरोबर असतात. धबधब्याजवळ कोणी म्हणजे कोणी नसते. लेखक असतो, निसर्ग असतो आणि दोघांच्या मध्ये 'अनिर्वचनीय आनंद' नावाचा एक इसम असतो. हा इसम अनिर्वचनीय असल्याचे पहिल्याच ओळीत जाहीर करून पुढे चार पाने त्याच्यावर वचने खर्च केली जातात.

दिवाळी अंक, शाळकरी निबंध, संस्थांच्या गृहपत्रिका आणि हल्ली मोबाइलवरची रीलं, असा या धबधबा-वाङ्मयाचा मोठा प्रवाह आहे. आश्चर्य म्हणजे त्याकडे एकाही समीक्षकाने लक्ष दिलेले नाही. कादंबरीला समीक्षक आहेत. नवकवितेला तर कवींपेक्षा समीक्षक जास्त. धबधब्याला बिचाऱ्याला कोणी नाही. मी पडलो कॉमर्सचा माणूस. समीक्षा आमच्या अभ्यासक्रमात नव्हती, ऑडिट होते. पण दोन्हींत फारसा फरक नसावा. दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या कामावर आपण पंख्याखाली बसून लाल पेन्सिलीच्या खुणा करायच्या, एवढेच ना? मग ती पेन्सिल इथेच उचलतो.

प्रथम या वाङ्मयाचे नियम पाहू. ते ठरलेले आहेत आणि बँकेच्या फॉर्मासारखे आहेत. फक्त रिकाम्या जागा भरायच्या. नियम पहिला : वाट 'घनदाट' जंगलातून गेली पाहिजे. जंगल विरळ असले, मधे एखादे भाताचे खाचर आले, वीज मंडळाचा खांब आला, तर तो वर्णनात येता कामा नये. नियम दुसरा : धबधबा 'अचानक' समोर आला पाहिजे. वास्तविक त्याचा आवाज गेला अर्धा तास कानांत घुमत असतो, वाटेत तीन ठिकाणी बाणाची खूण असते आणि समोरून ओल्या कपड्यांनी परतणारी माणसे 'दहा मिनिटं, दहा मिनिटं' असे गेल्या चाळीस मिनिटांपासून सांगत असतात. तरी तो अचानकच येतो. नियम तिसरा : पाणी दुधासारखे असले पाहिजे. नियम चौथा : पाण्यात उडी मारताच 'सारा शीण क्षणात पळाला' पाहिजे. नियम पाचवा आणि सर्वांत कडक : परतीच्या प्रवासाबद्दल एक अक्षर लिहायचे नाही.

या पाच नियमांचा तंतोतंत नमुना म्हणून मी एका गृहपत्रिकेतला लेख निवडला आहे. लेखाचे नाव 'निसर्गाच्या कुशीत'. लेखक आमचेच एक सहकारी. त्यांचे नाव सांगत नाही, कारण त्यांच्या शेजारच्या काउंटरवर मला अजून बरीच वर्षे बसायचे आहे. हा लेख निवडण्याचे दुसरे कारण असे की, त्या सहलीला मीही होतो. समीक्षकाला असे भाग्य सहसा लाभत नाही. मूळ व्हाउचर समोर ठेवून खतावणी तपासायला मिळणे म्हणजे काय सुख आहे, ते ऑडिटरलाच ठाऊक.

सहल होती देवकुंडची. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात आले की भिरा गाव लागते. मुळशीच्या तलावाचे पाणी डोंगरातून खाली आणून टाटांनी १९२७ साली इथे वीजघर सुरू केले. म्हणजे पाणी उंचावरून पडले तर त्याचे काय करावे, याचा या गावाला जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव आहे. गावापासून देवकुंडापर्यंत दोनेक तासांची चाल. आधी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने, मग झाडीतून, मधे ओढे ओलांडत. शेवटी कड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खळग्यात पाणी कोसळते आणि खाली हिरवे-निळे कुंड. लोक कुंडलिका नदीचा उगम इथलाच मानतात. जागा खरोखर देखणी आहे. यात लेखकाशी माझा मतभेद नाही.

मतभेद सुरू होतो 'निर्जन' या शब्दापासून. लेखात हा शब्द सात वेळा आला आहे. मी मोजले. आता ऑक्टोबरातल्या त्या रविवारी त्या निर्जन स्थळी आम्ही शाखेतले एकोणीस जण होतो. त्याखेरीज डोंबिवलीची एक बस, पिंपरी-चिंचवडच्या दोन, कुठल्याशा कॉलेजचा एक जथा आणि एका नवदांपत्याबरोबर त्यांचा फोटोग्राफर. फोटोच्या दगडावर उभे राहण्यासाठी रांग होती. रांगेत कोणीतरी मधेच घुसले म्हणून भांडण झाले. ते भांडण मी मिटवले, कारण पेन्शनच्या दिवशी रांग कशी सांभाळायची हे मला ठाऊक आहे. लेखात या साऱ्याचे रूपांतर असे झाले : 'तेथे होतो फक्त मी आणि तो अथांग निसर्ग.' बाकीचे अठरा सहकारी त्या दिवशी कामावर होते असे धरले, तर हजेरीपत्रकात मोठी गडबड होईल.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढे काय बिघडले? लेखक थोडी अतिशयोक्ती करणारच. बरोबर आहे. एकांताची हौस माणसाला असते आणि ती घरात भागत नाही म्हणून तो ती कागदावर भागवतो. पण मुद्दा पुढचा आहे. 'निर्जन' हा शब्द वाचून लोक जातात! आणि इतके जातात की त्या निर्जन जागी जमावबंदी लावावी लागते. पूर्वी हे हुकूम कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि ते कलम १६३ झाले. कलम बदलले, पावसाळा तोच. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याचे कलेक्टर हुकूम काढतात : पाण्यात उतरू नये, कड्यावर सेल्फी घेऊ नये, पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये. ज्या जागी वाङ्मयाच्या मते चिटपाखरूही नसते, त्या जागी पाच माणसे जमू नयेत म्हणून सरकारला कागद रंगवावे लागतात. वाङ्मय आणि वास्तव यांच्यातला एवढा फरक बँकेत सापडला असता तर दोघे तरी सस्पेंड झाले असते.

दूधसागराचे उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये तिथे जायला बंदी असताना इतके लोक रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले, की रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी त्यांना तिथेच रांगेत उभे करून उठाबशा काढायला लावल्या. हा देखावा देशाने मोबाइलवर पाहिला. गणवेशातले जवान, समोर बॅकपॅक लावलेली सुशिक्षित मंडळी, कान धरून वर-खाली, वर-खाली. सह्याद्रीत मास्तरांच्या छडीचा काळ संपला असे वाटत होते, तो रेल्वेने पुन्हा आणला. त्यांपैकी एकाने तरी घरी जाऊन 'निसर्गाच्या कुशीत' लिहिले असणार. आणि त्यात उठाबशांचा उल्लेख नसणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

या सगळ्याचा आरंभ शोधायला गेले तर सिनेमा आणि जाहिरात यांच्याकडे यावे लागते. जंगलातून जाऊन पाण्यात सूर मारायचा, ही कल्पना जगभर पोहोचवली टारझनने. १९३२ साली जॉनी वाइसम्युलर टारझन झाला. टारझनच्या पोहण्याला मी नाव ठेवणार नाही, कारण त्या गृहस्थाची कागदपत्रे चोख होती. १९२४ आणि १९२८ ही दोन ऑलिंपिक मिळून पोहण्यातली पाच सुवर्णपदके! ज्याला काम येते त्यालाच त्या खुर्चीवर बसवले, असे उदाहरण सिनेमात दुर्मीळ आणि इतरत्र अतिदुर्मीळ. पण बघणाऱ्यांनी पदके पाहिली नाहीत, लंगोटी पाहिली. लंगोटी कोणालाही घालता येते.

आपल्याकडे १९७५ साली लिरिल साबणाची जाहिरात आली. लिंटास कंपनी, अलेक पदमसींची देखरेख, कॅरन लुनेल नावाची मुलगी, आणि कोडाईकनालजवळचा धबधबा. त्या जाहिरातीने किती साबण विकला ते कंपनी जाणे, पण धबधबा मात्र तिने घाऊक भावात विकला. तोपर्यंत धबधबा ही घाटातून जाताना एसटीच्या खिडकीतून बघायची वस्तू होती. जाहिरातीने सांगितले, आत या! पुढे १९८५ साली राज कपूरच्या 'राम तेरी गंगा मैली'त मंदाकिनी धबधब्याखाली उभी राहिली आणि उरलासुरला संकोच वाहून गेला. उत्तराखंडात हर्सिलजवळच्या एका धबधब्याला लोक आता मंदाकिनी धबधबाच म्हणतात. गंगेच्या खोऱ्यात मंदाकिनी नावाची एक नदी आधीपासून आहे. पण नटीपुढे नदीचे काय चालणार?

टीकाकार म्हणून माझा आक्षेप त्या मुलींच्या कपड्यांवर नाही. त्यावर आक्षेप घेणारे पुष्कळ होते आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा बारकाईने पाहून घेतला. माझा आक्षेप चालण्यावर आहे. या साऱ्या कलाकृतींत कोणी चालतच नाही! एका दृश्यात माणूस कोरडा, दुसऱ्यात ओला. मधले दोन तास कात्रीने कापलेले. चिखल नाही, शेवाळावरून घसरणे नाही, मोज्यात शिरलेली जळू नाही, 'अजून किती?' हा प्रश्न नाही. त्यामुळे बघणाऱ्याची अशी समजूत होते की धबधबा म्हणजे मोठी न्हाणी, फक्त कडी नसलेली. धबधबा काय आहे आणि आपण काय आहोत, हे त्या मधल्या दोन तासांत कळत असते. ते तास कापले की माणूस थेट कुंडाच्या काठावर उभा राहतो, तोही ताजातवाना, हुशारीने फुललेला आणि पूर्ण अडाणी.

रील तर याच्या पुढची पायरी. तीस सेकंदांत जंगल, कडा, पाणी, उडी आणि खाली मजकूर : 'लपलेले रत्न'. रत्न लपलेले आहे आणि सोबत नकाशावरचा ठिपका दिलेला आहे! गुप्त खाते उघडून त्याचा नंबर फळ्यावर लिहिण्यातला हा प्रकार. पण इथे मात्र माझी पेन्सिल थोडी थांबते, कारण विनोदाची बाजू संपून दुसरी बाजू सुरू होते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसे प्रवाहात वाहून गेली. ते दृश्यही कोणीतरी मोबाइलवर टिपलेले होते. पाणी वाढतेय, माणसे एकमेकांना धरून मधल्या खडकावर उभी आहेत, आणि मग नाहीत. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी चित्रण करायला गेलेली एक तरुण मुलगी दरीत कोसळून गेली. आम्ही वर्तमानपत्रात वाचले, चुकचुकलो, पान उलटले. पुढच्या रविवारी गाड्या पुन्हा घाटात.

तेव्हा आता 'दुधासारखे पाणी' या उपमेचा विचार गंभीरपणे करायला हवा. माझ्या मते धबधबा-वाङ्मयातली ही सर्वांत जुनी, सर्वांत लाडकी आणि सर्वांत धोक्याची ओळ आहे. गंमत म्हणजे ती शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. दुधात बारीक कण तरंगत असतात, ते सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून दूध पांढरे. फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे तेच काम करतात, म्हणून तेही पांढरे. इथवर कवीला पैकीच्या पैकी मार्क. पण कवी इथेच थांबतो आणि घात होतो. पांढरे म्हणजे त्यात हवा आहे. हवा आहे म्हणजे ते पाणी पातळ आहे, हलके आहे. आणि हलके पाणी माणसाला उचलून धरत नाही. नेहमीच्या विहिरीत जो माणूस आरामात तरंगतो, तोच त्या फेसात बुडतो. शिवाय वरून पडणारा लोट पाण्याला खाली दाबतो, ते पाणी तळाला जाऊन पुढे वर येते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलटे धारेकडे खेचले जाते. माणूस काठाकडे हात मारतो आणि पाणी त्याला पुन्हा धारेखाली नेते. एवढी सगळी माहिती त्या एका पांढऱ्या रंगात लिहिलेली आहे. आम्ही ती वाचली आणि म्हणालो, 'वा, दूध!' धोक्याच्या पाटीला सुंदर अक्षराबद्दल बक्षीस देण्यासारखे झाले.

तळाची गोष्ट आणखी वेगळी. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक, लेजरच्या जुन्या गठ्ठ्यांसारखे. त्यात काही थर कणखर, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, कणखर पुढे छज्जासारखा राहतो आणि त्यावरून पाणी उडी घेते. खाली गोटे गरगर फिरून खडकाला भोके पाडतात, त्यांना आपण रांजणखळगे म्हणतो. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात ते उघड्यावर पाहायला मिळतात. ते पाहायला शाळांच्या सहली जातात आणि मुले 'केवढे खोल!' म्हणून ओरडतात. असाच रांजण पाण्याखाली असला की एका पावलाला कमरेइतके पाणी आणि दुसऱ्या पावलाला पाय टेकतच नाही. वरून मात्र सगळे सारखेच हिरवेगार.

आता पुन्हा 'निसर्गाच्या कुशीत'कडे येतो, कारण लेखातली सर्वांत मोठी गाळीव जागा अजून दाखवायची राहिली आहे. आमच्याबरोबर गावातले एक वाटाड्या होते. पन्नाशी उलटलेले, पायात रबरी चपला, हातात कोयता. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. ओढा आला की मामा आधी उतरत, मधे उभे राहत आणि आमच्या एकोणीस जणांना एकेक करून हाताला धरून पलीकडे घेत. जीएसटीवर अधिकारवाणीने बोलणारे आमचे साहेब त्यांचा हात धरताना लहान मुलासारखे दिसत होते. कुंडापाशी मामांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी कडेने दोर बांधलेला होता. दोराच्या अलीकडे कितीही डुंबा, पलीकडे जायचे नाही.

आमचे लेखक-सहकारी पट्टीचे पोहणारे. त्यांनी विचारले, "मामा, मधे पाणी किती खोल असेल हो?"

मामा विडी पेटवत म्हणाले, "ज्याला कळलं साहेब, तो सांगाया वर आला नाय."

"पण मला पोहता येतं."

"बुडालेल्या समद्यांना येत व्हतं. ज्यांना येत नाय ते काठालाच बसत्यात."

यावर आमच्यात कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने मामाच म्हणाले, "आमाला काय, पयला तुमच्यासंगं जायाचं, नि काय झालं तर मागनं पोलिसांसंगं जायाचं. वाट एकच."

धबधब्यावर आजवर जे काही लिहिले गेले, त्यातले हे सर्वांत नेमके वाक्य असावे असे मला वाटते. आणि तेच लेखात नाही. मामा नाहीत, दोर नाही, विडी नाही. लेखात सहकारी 'पाऊलवाटेच्या हाकेला ओ देत' स्वतःच पोहोचतात आणि 'निसर्गाच्या कुशीत स्वतःला झोकून' देतात. प्रत्यक्षात त्यांनी दोराच्या अलीकडे छातीइतक्या पाण्यात स्वतःला झोकून दिले होते. पण वाचणाऱ्याला ते कसे कळणार? एखाद्या दुसऱ्या शाखेतला पंचविशीतला प्रोबेशनर हा लेख वाचतो. लेखात वाटाड्या नाही, म्हणून तो वाटाड्या घेत नाही. लेखात दोर नाही, म्हणून तो दोर शोधत नाही. लेखाने एकही खोटे विधान केलेले नाही. फक्त खर्चाची बाजू लिहिलेली नाही. असा ताळेबंद सही करून पुढे पाठवला तर आमच्याकडे त्याला काय म्हणतात, हे मी इथे लिहीत नाही.

जुने लोक या बाबतीत जास्त प्रामाणिक लेखक होते. त्यांनी धबधब्यावर लेख लिहिले नाहीत, त्यांना नावे दिली. चिपळूणजवळ सवतसडा आहे. एका सवतीने दुसरीला कड्यावरून लोटल्याची कथा त्या नावात आहे. नाव ऐकले तरी माणूस कड्यापासून दोन पावले मागे सरतो, आणि नवरा असेल तर चार. डोहाडोहांत साती आसरा बसवल्या. आसरा म्हणजे अप्सराच, पण आपल्या खेड्यांतल्या आसरा नाचून दाखवत नाहीत. त्या पाण्यात राहतात, त्यांना हळदकुंकू वाहायचे, भलत्या वेळी डोहाकडे जायचे नाही, गेलात तर ओढून नेतात. आम्ही शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणतो. असेल. पण 'आसरा खाली ओढतात' आणि 'धबधब्याच्या पायथ्याशी पाण्याचा प्रवाह खाली व उलट दिशेने वाहतो', या दोन वाक्यांत माहिती तीच आहे. पहिले वाक्य सात वर्षांच्या पोराला कळते आणि जन्मभर लक्षात राहते. दुसरे वाक्य फलकावर लिहिलेले असते आणि फलकावर ओले टॉवेल वाळत घातलेले असतात.

आणि आपले बालकवी! 'निर्झरास' ही त्यांची कविता शाळेत अनेकांना होती. खानदेशातल्या त्या तरुण कवीचे निर्झरावर एवढे प्रेम, पण तो काय करतो? निर्झराशी बोलतो. त्याच्याकडून काही शिकायला मागतो. अंगावरचा सदरा काढून सूर मारत नाही. शिष्याने गुरूच्या अंगावर उडी मारायची नसते, एवढा विवेक त्या कवितेच्या पिढीला होता.

यावर कोणी म्हणेल, की कारकुनाला धबधब्यातले सुख काय कळणार? तर तसे नाही. पाण्यातले सुख खरे आहे आणि ते फार मोठे आहे. दोन तास घामाने भिजून, कारवीच्या दांड्यांतून वाट काढत गेल्यावर, दोराच्या अलीकडे का होईना, त्या गार पाण्यात गळ्यापर्यंत बसले की पहिले दहा सेकंद श्वासच येत नाही. मग येतो तो श्वास इतका खोल असतो की गेल्या मार्चअखेरपासून आपण नुसते उसासेच टाकत होतो, हे तेव्हा कळते. कानांत दुसरा आवाज राहत नाही. शेजारचा माणूस बोलताना दिसतो, ऐकू येत नाही. आणि शेजारी साहेब असतील तर या सुखाला तोड नाही. हे सारे लिहावे. भरपूर लिहावे. पण त्यासाठी निर्जनतेचा खोटा दाखला जोडायची गरज नाही. डोंबिवलीच्या बससकट ते सुख पुरेसे होते.

मग चांगल्या धबधबा-लेखाची लक्षणे कोणती? लाल पेन्सिलीने थोडक्यात लिहून ठेवतो. त्यात वाटाड्या असावा, आणि त्याने सांगितलेले त्याच्या शब्दांत असावे. पाणी पांढरे कुठे आणि हिरवे कुठे, हे नीट लिहिलेले असावे. वर पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते. आधी ते गढूळ होते, काटक्या नि पालापाचोळा येऊ लागतो, आवाज बदलतो. तसे दिसले की कपडे गोळा करायला न थांबता काठ गाठायचा, ही ओळ एखाद्या सूर्यास्ताला काट मारून का होईना, घालावी. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी भर पावसात दोर घेऊन दरीत उतरतात आणि दुसऱ्यांची माणसे शोधून वर आणतात. त्यांच्यासाठी लेखात एखादा परिच्छेद असावा. 'अनिर्वचनीय' हा शब्द वापरल्यास पुढे गप्प राहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, परतीची वाट लिहावी. धबधबा-वाङ्मय परत कधी येतच नाही. ते पाण्यातच संपते. आम्ही मात्र त्या दिवशी परत आलो. ओले बूट पचपचत होते, कोणाचा गुडघा सुजला होता, कोणाचा चष्मा कुंडात राहिला होता. भिऱ्यात मामांच्या घरी ओट्यावर बसून तांदळाची भाकरी आणि पिठले खाल्ले. मामांनी जेवणाआधी आमची माणसे मोजली. बोट दाखवून, एक-दोन-तीन करत, एकोणीसपर्यंत. मग पुन्हा एकदा उलटी मोजली, आणि नंतरच घरात 'वाढा' म्हणून सांगितले.

दिवसाची शिल्लक दोनदा मोजल्याशिवाय तिजोरी बंद करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मामांना कोणी शिकवला होता कोण जाणे. 'निसर्गाच्या कुशीत' या लेखात मला ती मोजणी कुठेच सापडली नाही, म्हणून त्या लेखावर मी 'फेरतपासणीसाठी परत' असा शेरा मारीत आहे.